दळण घरचं, डबा गिरणीवाल्याचा : सिमसिटी २०१३चं प्रकरण

सिमसिटी या शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये वेळेचे तीन वेग होते आणि तिन्हींना प्राण्यांची नावं होती: कासव, लामा आणि चित्ता. रस्ते आखून झाले, वीज-पाणी जोडून झालं, आता फक्त घरं उभी राहायची वाट बघायची, की चित्त्यावर टिचकी मारायची. मग दिवस-रात्र भराभर पालटायचे आणि तिजोरीत कर जमा होत राहायचा. मार्च २०१३ मध्ये हा गेम बाजारात येऊन तीन-चार दिवस झाले नसतील, तोच कंपनीने चित्ता काढून घेतला. सर्व्हरवर ताण फार आलाय, म्हणून खेळायला अत्यावश्यक नसलेल्या काही सोयी तात्पुरत्या बंद करतोय, असं सांगण्यात आलं. त्या सोयींच्या यादीत चित्ताही होता.

आता यातली गंमत बघा. एक माणूस आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर, दार लावून एकटाच शहर वसवत बसलाय. त्याच्याबरोबर कुणी खेळत नाही, त्याच्याविरुद्ध कुणी खेळत नाही. त्याच्या शहरातलं घड्याळ जरा जोरात पळालं, तर कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या पोटात का दुखावं? या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळायला तेव्हा दहा-बारा दिवस लागले, आणि त्या उत्तरावर इलाज व्हायला एक वर्ष. ‘एकट्याने खेळायच्या गेमला इंटरनेट कशाला?’ हा वाद त्याआधीही झाला होता आणि पुढेही होत राहिला. पण या प्रकरणात कंपनीने दिलेली कारणं आणि गेमच्या आत खरंच काय चाललं होतं, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. अशी संधी फार वेळा मिळत नाही.

लाल कागदापासून ओरिजिनपर्यंत

पहिला सिमसिटी १९८९चा. विल राइट यांचा गेम आणि त्यांनीच जेफ ब्रॉन यांच्यासोबत काढलेली मॅक्सिस ही कंपनी. फुकट्या नकलांची भीती तेव्हाही होती. त्यावर तोडगा म्हणून खोक्यात गडद लाल रंगाचा एक कागद घातलेला असायचा. गेम मध्येच प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्या कागदावरून हुडकावं लागायचं. लाल का? तर त्या काळच्या झेरॉक्स मशीनमध्ये गडद लालावरची अक्षरं नीट उमटायची नाहीत. डोळे फोडून वाचावं लागायचं हे खरं, पण कागद तुमच्या खणात असायचा. एकदा उत्तर दिलं की कंपनीचा आणि तुमचा संबंध संपला.

१९९७ मध्ये मॅक्सिस इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, विकत घेतली. २००३ मध्ये सिमसिटी ४ आला आणि त्यानंतर मुख्य मालिकेत दहा वर्षं काहीच आलं नाही. ज्यांनी कॉलेजात असताना सिमसिटी ४ खेळला त्यांना तोवर नोकऱ्या लागल्या, काहींना मुलंबाळं झाली. त्यामुळे २०१२ मध्ये नव्या गेमची घोषणा झाली तेव्हा लोक किती आसुसलेले होते, हे सांगायला नको.

त्या घोषणेबरोबर, आणि पुढच्या महिन्यांत अधिक स्पष्टपणे, अटीही कळल्या. ईएचं ओरिजिन हे दुकान-कम-क्लायंट, म्हणजे गेम विकत घ्यायचा आणि सुरू करायचा प्रोग्राम, कॉम्प्युटरवर असलं पाहिजे, आणि खेळताना इंटरनेट चालू असलं पाहिजे. मित्रांबरोबर खेळायचं तरच, असं नाही. एकट्याने खेळतानाही. म्हणजे कंपनीने कुणाला अंधारात ठेवलं नव्हतं, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. लोकांनी कुरकुर करत का होईना, अट वाचूनच पैसे भरले. अमेरिकेत किंमत होती ६० डॉलर.

इथे एक घरची गोष्ट. त्या वर्षांत आमच्या भागात संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालायचा, राउटरचा दिवाही हिरवा दिसायचा, पण कोपऱ्यावरच्या खांबावर केबलवाल्याने लटकवलेला डबा मेलेला असायचा. गल्लीभर इंटरनेट नाही. नेमक्या त्याच दोन तासांत करायला दुसरं काही नसल्याने मी जुना सिमसिटी ४ काढून बसायचो. ज्या गेमची आठवण अशा अंधाराशी जोडलेली आहे, त्याच्या नव्या आवृत्तीला चोवीस तास इंटरनेट लागणार हे वाचून मी किंमत बघायच्या फंदातही पडलो नाही. त्यामुळे पुढची सगळी वरात मी लांबूनच बघितली.

पहिला आठवडा

५ मार्च २०१३ ला गेम अमेरिकेत आला. दुपारपर्यंत लॉगिनच्या रांगा लागल्या. रांग म्हणजे शब्दशः रांग: सर्व्हर भरलेला आहे, इतकी मिनिटं थांबा, असं पडद्यावर घड्याळ यायचं. ते शून्यावर आलं आणि जागा मिळाली नाही की पुन्हा सुरू. जे आत शिरले त्यांची जोडणी मध्येच तुटायची. काहींची तासन् तास राबून वसवलेली शहरं परत उघडेनात. शेजारच्या शहराला पाठवलेले पैसे निघायचे, पण पोचायचे नाहीत.

याहून चीड आणणारी एक बारीक गोष्ट होती. खेळाडूचं शहर ज्या सर्व्हरवर सुरू झालं त्याच सर्व्हरवर राहायचं. तो भरलेला असेल तर दुसरा निवडता यायचा, पण तिथे तुमचं शहर नसायचं. सगळं नव्याने. बरं, नव्याने म्हणजे सुरुवातीचा धडासुद्धा पुन्हा गिरवायचा: असा रस्ता काढा, असं घर बसवा. कालच चाळीस हजार लोकवस्तीचं शहर चालवणाऱ्या माणसाला.

परीक्षकांची तर पंचाईतच झाली. गेम बाजारात यायच्या आधी त्यांनी तो मोकळ्या सर्व्हरवर खेळून बघितला होता, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी रिकाम्या कार्यालयात जाऊन व्यवस्था छान आहे असं म्हणण्यासारखं. पॉलिगॉन या संकेतस्थळाने आधी १० पैकी ९.५ गुण दिले. गेम लोकांच्या हाती आल्यावर ते ८ वर आले आणि त्याच आठवड्यात ४ वर. पुढे सर्व्हर सुधारल्यावर ६.५ झाले. एकाच गेमचे एकाच ठिकाणी चार निकाल. कुणाचं परीक्षण चुकलं होतं असं मला वाटत नाही. गुण खेळाला द्यायचे की सर्व्हरला, हा फरकच उरला नव्हता. अॅमेझॉनने काही काळ डाउनलोड आवृत्तीची विक्री थांबवली आणि गेमच्या पानावर लोकांना या अडचणींची सूचना लावली.

मॅक्सिसच्या प्रमुख ल्यूसी ब्रॅडशॉ यांनी दोन-तीन दिवसांत निवेदन दिलं. अपेक्षेपेक्षा फार जास्त लोक आले आणि विक्रीआधीच्या बीटा चाचणीत दिसलं नाही अशा पद्धतीने खेळले, हा त्याचा आशय. यातलं दुसरं वाक्य मला जास्त बोलकं वाटतं. कारण जानेवारीत झालेल्या बीटामध्ये खेळाडूंना एका वेळी तासाभराचाच खेळ मिळत होता. तासाभरात शहर म्हणजे चार गल्ल्या आणि एक पाण्याची टाकी. शंभर तास जपलेलं शहर, त्याच्या शेजारी आणखी चार शहरं, त्यांच्यात विजेची आणि कचऱ्याच्या गाड्यांची ये-जा, हे दृश्य सर्व्हरने खऱ्या लोकांकडून पहिल्यांदा पाहिलं ते थेट विक्रीच्या दिवशी.

कंपनीने भराभर नवे सर्व्हर जोडले. आठवडा संपता संपता क्षमता १२० टक्क्यांनी वाढवल्याचं आणि अडथळे सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. भरपाई म्हणून ईएचा एक गेम फुकट देऊ केला. ‘मित्राशी वाईट वागून मग त्याला भेट आणून द्यावी तसं हे आहे’, अशी कबुलीही ब्रॅडशॉ यांनी देऊन टाकली, ते प्रामाणिक वाटलं. फुकट मिळणाऱ्या गेमची यादी आली तेव्हा तिच्यात बॅटलफिल्ड ३ होता, मास इफेक्ट ३ होता आणि, हो, सिमसिटी ४ होता. दहा वर्षांचा म्हातारा. इंटरनेटशिवाय चालणारा.

मोजणी कुठे होते?

गर्दी ओसरली असती तर गोष्ट इथेच संपली असती. अगदी आदल्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, डायब्लो ३ आला तेव्हा ‘एरर ३७’ या संदेशाने लोकांना असंच छळलं होतं. तोही एकट्याने खेळता येणारा आणि तरीही कायम जोडणी मागणारा गेम. आठवडाभर शिव्या, मग लोक खेळायला लागले. सिमसिटीचं तसं झालं नाही, कारण मधल्या काळात कंपनीने एक कारण देऊन ठेवलं होतं आणि ते तपासता येण्याजोगं होतं.

ऑफलाइन सोय का देत नाही, या प्रश्नावर ब्रॅडशॉ यांचं उत्तर तांत्रिक होतं. गेममधल्या गणिताचा बराच मोठा भाग कंपनीच्या सर्व्हरवर होतो, खेळाडूच्या कॉम्प्युटरवरचा भार त्यामुळे हलका होतो, आणि गेम इंटरनेटशिवाय चालवायचा तर प्रचंड अभियांत्रिकी काम करावं लागेल. ऐकायला पटण्यासारखं होतं. गेम ज्यावर चालायचा त्या नव्या ग्लासबॉक्स इंजिनचा गाजावाजाच असा होता की शहरातला प्रत्येक कामगार, विजेचं प्रत्येक एकक, सांडपाण्याचा प्रत्येक गोळा रस्त्यावरून स्वतंत्रपणे हिंडतो. एवढी सगळी हालचाल घरच्या प्रोसेसरला झेपत नसेल, असं कुणालाही वाटावं.

मग लोकांनी केबल उपसली.

प्रयोग इतका साधा होता की घरोघर झाला. गेम सुरू करायचा, शहर उघडायचं आणि राउटरची वायर काढायची. कंपनीचं म्हणणं खरं असेल तर शहर गोठायला हवं. ते गोठलं नाही. गाड्या चौकात तशाच तुंबून राहिल्या, कारखान्यांच्या धुराड्यातून धूर येत राहिला, नव्या प्लॉटवर घरं चढत राहिली, महिन्याचा कर जमा होत राहिला. साधारण वीस मिनिटं हे असं बिनबोभाट चालायचं. मग पडद्यावर संदेश यायचा की सर्व्हरशी संपर्क तुटलाय, आणि गेम खेळाडूला बाहेर काढायचा. त्या वीस मिनिटांत जे काही बांधलं असेल ते गेलं.

१२ मार्चच्या सुमारास रॉक पेपर शॉटगन या ब्रिटिश संकेतस्थळाने मॅक्सिसमध्ये काम केलेल्या एकाच्या हवाल्याने, नाव न देता, छापलं की शहराचं अनुकरण करायचं कोणतंही गणित सर्व्हर करत नाही. त्यानंतर दोनच दिवसांत एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये आपले बदल करणाऱ्या हौशी माणसाने, गेमच्या कोडमधलं ते वीस मिनिटांचं घड्याळ बंद करून दाखवलं. घड्याळ बंद, की शहर हवं तितका वेळ जोडणीशिवाय चालू. शिवाय त्याने शहराच्या हद्दीबाहेरचे महामार्गही बदलून दाखवले. खोदकाम सुरू झालंच होतं, तेव्हा इतर गोष्टीही वर आल्या. प्रत्येक माणूस स्वतंत्र, असं सांगितलं होतं खरं, पण तो रोज सकाळी घरातून निघून जी जवळची नोकरी मोकळी दिसेल ती धरायचा आणि संध्याकाळी जे जवळचं घर रिकामं दिसेल त्यात शिरायचा. आणि शहर मोठं झालं की पडद्यावरचा लोकसंख्येचा आकडा प्रत्यक्षात हिंडणाऱ्या माणसांपेक्षा फुगवून दाखवला जायचा.

मग सर्व्हर करत तरी काय होता?

इथे खेळाडूंच्या बाजूनेही थोडी घाई झाली, असं माझं मत आहे. ‘सर्व्हर काहीच करत नाही, नुसता पहारेकरी आहे’, हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरलं. ते पुरतं खरं नव्हतं.

या सिमसिटीत एक शहर म्हणजे दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा चौकोन. फार तोकडा, त्यावर लोकांचा वेगळा राग होता. एवढ्या जागेत सगळं मावत नाही, म्हणून एका विभागात अनेक शहरं आणि त्यांनी एकमेकांना पुरवठा करायचा अशी कल्पना होती. एका शहरात कोळसा खणायचा आणि वीज तयार करायची, दुसऱ्याने ती विकत घ्यायची, तिसऱ्याने सगळ्यांचा कचरा घ्यायचा. हा शहराशहरांतला हिशोब सर्व्हरवर ठेवलेला होता. ती सगळी शहरं एकाच माणसाची असली तरी. शिवाय जागतिक बाजारातले भाव, क्रमवारीचे तक्ते, विभागातली सामायिक मोठी बांधकामं, हे सगळं तिथेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेव्ह फाइल. तुमचं शहर तुमच्या हार्ड डिस्कवर नव्हतंच. म्हणून तर मॉडरने घड्याळ बंद केल्यावरही त्याला आपलं शहर जतन करता येत नव्हतं, की स्वतःच्याच दुसऱ्या शहराशी व्यवहार करता येत नव्हता.

थोडक्यात, दळण घरच्या जात्यावर आणि पीठ मात्र गिरणीवाल्याच्या डब्यात. दळायला गिरणीची काहीच गरज नव्हती. पण डबा तिथे ठेवल्यामुळे भाकरी करायची म्हटलं की गिरणीवर जाणं आलं, आणि गिरणीला सुट्टी असली की उपास.

चित्त्याचं कोडंही इथेच सुटतं. शहर कितीही वेगाने पळालं तरी गणित तुमच्याच कॉम्प्युटरवर होत होतं. पण वेग वाढला की घडामोडी भराभर घडायच्या आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या नोंदी वाढायच्या. लाखो घरांतले चित्ते थांबवले की पलीकडच्या कारकुनाला जरा श्वास घेता येणार. कंपनीला हव्या होत्या त्या नोंदी, आणि त्यापायी खेळाडूचं घड्याळ धीमं झालं.

१५ मार्चला ब्रॅडशॉ यांनी आणखी एक मोठं निवेदन दिलं. त्यात सर्व्हरची वर सांगितलेली कामं त्यांनी ओळीने मांडली. कायम जोडणीची अट वरच्या साहेबांनी लादलेली नाही आणि खेळाडूंवर नियंत्रण ठेवायचा हा छुपा डावही नाही, असं त्यांनी म्हटलं. आणि मग ते वाक्य आलं. मर्यादित स्वरूपाचा ऑफलाइन प्रकार आम्हाला करता आला असता का? हो. पण आमच्या कल्पनेतल्या गेममध्ये तो बसत नव्हता, म्हणून आम्ही तो नाकारला.

आठवडाभर आधीचं उत्तर होतं, जमणार नाही. आताचं उत्तर होतं, करायचं नव्हतं. माझ्या मते सगळं प्रकरण या दोन उत्तरांमधल्या फटीत आहे. सर्व्हर कोसळणं हा अपघात म्हणता येतो, लोक अपघात विसरतात. पण ‘आम्हाला असाच गेम करायचा होता’ हे पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? एखाद्या निर्मात्याने म्हणावं की माझा गेम शेजाऱ्यांशी जोडलेलाच खेळला पाहिजे. ज्यांना पटेल ते घेतील. तो त्याचा हट्ट आहे, आणि हट्टाला मान देता येतो. हट्टाला तांत्रिक नाइलाजाचा मुखवटा घातला की मग लोक वायर उपसून बघतात.

यात नकलांची भीती किती होती, याबद्दल कंपनी कधी स्पष्ट बोलली नाही. पण सेव्ह फाइलच सर्व्हरवर असली की चोरलेली प्रत निम्मी निरुपयोगी ठरते, हे काही कुणाला समजावून सांगावं लागत नाही. याच उद्योगात २०१० मध्ये युबीसॉफ्टने असासिन्स क्रीड २ या निव्वळ एकट्याच्या गेमला कॉम्प्युटरवर कायम जोडणीची सक्ती केली होती. त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा पैसे भरून गेम घेतलेलेच बाहेर अडकले. पुढे त्यांना ती अट सैल करावी लागली.

साडेसहा महिने

धंद्याचं म्हणाल, तर गेम खपला. पहिल्या दोन आठवड्यांत ११ लाख प्रती, त्यातल्या निम्म्याहून जास्त थेट डाउनलोड. म्हणजे संतापाने विक्री बुडाली वगैरे काही झालं नाही. एप्रिलमध्ये ‘कन्झ्युमरिस्ट’ या ग्राहकांसाठीच्या संकेतस्थळाच्या मतदानात ईए लागोपाठ दुसऱ्या वर्षी अमेरिकेतली सगळ्यात वाईट कंपनी ठरली. तेल सांडणाऱ्या आणि लोकांची घरं जप्त करणाऱ्या कंपन्या असताना हा मान एका गेम कंपनीला द्यावा, हे मला तेव्हाही हास्यास्पद वाटलं आणि आताही वाटतं. मे महिन्यात ईएने जाहीर केलं की येणारा सिम्स ४ एकट्याने, ऑफलाइन खेळायचा गेम असेल. त्यातून धडा घेतला की घाबरले, तुम्हीच ठरवा. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या गेम खेळायच्या यंत्राला दर चोवीस तासांनी हजेरी लावायला लावणारी अट, विक्री सुरू होण्याआधीच, मागे घेतली. त्या सहामाहीतली हवाच तशी होती.

आणि जानेवारी २०१४ मध्ये मॅक्सिसने सांगितलं की सिमसिटीचा ऑफलाइन प्रकार येतोय. तो १८ मार्च २०१४ ला दहाव्या अपडेटबरोबर आला. पहिल्या दिवसापासून एक वर्ष आणि तेरा दिवस.

तो बनवणाऱ्या मुख्य इंजिनिअरने त्या वेळी जे लिहिलं ते या प्रकरणातला सगळ्यात वाचनीय भाग आहे, कारण त्यात जाहिरात विभागाची भाषा नाही. काम साडेसहा महिने चाललं. मूळ रचनाच अशी होती की खेळाडूचा कॉम्प्युटर सगळी माहिती सर्व्हरला कळवणार आणि विभागाचा हिशोब सर्व्हर ठेवणार. सर्व्हरचा तो भाग जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला होता. तो खेळाडूच्या कॉम्प्युटरवर आणायचा तर सी++ या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहावा लागला. शहर जतन करण्याची पद्धत बदलावी लागली. बाजाराचे भाव सर्व्हरकडून यायचे, ते ऑफलाइनमध्ये ठरावीक ठेवावे लागले. वीस मिनिटांचं घड्याळ कुणीतरी काढलं होतं हे खरं, पण तेवढ्याने काम होणार नव्हतं, हेही त्यात सांगितलं होतं.

म्हणजे ब्रॅडशॉ यांचं पहिलं उत्तर अगदीच खोटं नव्हतं का? प्रचंड काम लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि लागलं. पण कशासाठी लागलं, हे बघायला हवं. शहराचं गणित सर्व्हरवरून उतरवायला एक दिवसही लागला नाही, कारण ते तिथे नव्हतंच. साडेसहा महिने गेले ते स्वतःच घातलेली गाठ सोडवण्यात. आधी फक्त ‘नको’ होतं. ते ‘नको’ फाइल कुठे ठेवायची, भाव कुठून यायचे, कुठला भाग कुठल्या भाषेत लिहायचा, अशा शेकडो बारीक निर्णयांत मुरलं आणि दोन वर्षांनी त्याचं खरोखरच ‘जमत नाही’ झालं. असल्या गेममध्ये ऑफलाइनची सोय नंतर बघू, असं कुणी म्हणालं की मला हे साडेसहा महिने आठवतात. नंतर म्हणजे महागात, एवढंच नाही. नंतर ते काम करायला माणसं असतील का, हाही प्रश्न असतो.

कारण मॅक्सिसच्या एमरीविलमधल्या स्टुडिओला ईएने ४ मार्च २०१५ ला टाळं लावलं. दहावं अपडेट येऊन वर्षही झालं नव्हतं. हा निर्णय वर्षभर आधी झाला असता तर सी++ मध्ये कोण लिहीत बसलं असतं?

त्यानंतर सहाच दिवसांनी, १० मार्च २०१५ ला, फिनलंडमधल्या ताम्पेरे गावच्या कलॉसल ऑर्डर या कंपनीचा सिटीज: स्कायलाइन्स आला. विकसित करणारी माणसं डझनभर. तो एकट्याने खेळायचा होता, ऑफलाइन चालायचा, मॉड करायला मुभा होती आणि जागा एका चौकोनावरून वाढवत नऊ चौकोनांपर्यंत नेता यायची. सिमसिटीच्या भीतीने असा गेम काढायला प्रकाशक पॅराडॉक्स आधी कचरत होता, सिमसिटी आपटल्यावर त्याने होकार दिला. एका महिन्यात दहा लाख प्रती गेल्या. सिमसिटी मालिकेत त्यानंतर कॉम्प्युटरसाठी नवा गेम आलेला नाही.

ज्यांना अपडेट मिळालं नाही

सिमसिटीच्या ग्राहकांना नशीबवान म्हणायचं का? तुलना करायची तर युबीसॉफ्टच्या द क्रू या गाड्यांच्या गेमशी करावी लागेल. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा गेम. त्यात अमेरिकेचा आख्खा नकाशा छोटा करून ठेवलेला, एक कथानक, जे एकट्याने गाडी हाकत पुरं करता यायचं. जोडणी मात्र कायम हवी. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि त्याबरोबर सगळंच. डिस्क कपाटात आहे, गेम नाही. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली आणि युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विकलेला गेम बंद करताना तो कोणत्या तरी स्वरूपात खेळता येईल असा ठेवून जा, एवढंच तिचं मागणं आहे. कॅलिफोर्नियात २०२५ पासून नवा कायदाही लागू झाला: डिजिटल गेमसारखी वस्तू विकताना ती मालकीची होत नसून परवाना मिळतोय, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, नाहीतर ‘विकत घ्या’ असं बटण लावायचं नाही.

सिमसिटीच्या बाबतीतही एक शेपूट राहिलंच. दहाव्या अपडेटनंतर शहर तुमच्या हार्ड डिस्कवर आलं, सर्व्हर लागेनासा झाला, पण क्लायंट राहिला. गेम उतरवायला आणि पहिल्यांदा उघडायला ओरिजिनमध्ये खातं हवंच होतं. त्यानंतर ओरिजिनलाच त्याच्या पद्धतीने ऑफलाइन ठेवून खेळायचं. आता तर ओरिजिनही गेलं, त्याच्या जागी ईए अॅप आलंय, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते टाकून लॉगिन केल्याशिवाय २०१३चं ते शहर दिसत नाही.

ते एकदा केलं, की वायर उपसा. शहर उघडा, चित्ता लावा. चौकात गाड्या त्याच जुन्या पद्धतीने तुंबतात, सगळ्यांना जवळचाच रस्ता हवा असतो. एकविसावं मिनिट येतं आणि जातं.